रूळ धरून शिर्डी

पळसदरीत आजही कुणालाही विचारा, चांगो चावीवाल्याची कल्याणला बाई आहे. तिला भेटता यावं म्हणून त्याने सदतीस माणसं, एक टेंपो, तांदळाची चार पोती आणि साईबाबांच्या फोटोची पालखी असं सगळं बिऱ्हाड शिर्डीकडे न नेता कल्याणकडे वळवलं, असं सांगतात. सांगताना विहिरीवरच्या बाया आवाज खाली आणतात. "गोरीपान हाय म्हनं. पांढऱ्या साडीतली." मग घागर कमरेवर घेऊन जराशा थांबतात, म्हणजे ऐकणारीला "अगो बाय!" म्हणायला जागा राहते. एकीने तर ही गोष्ट मलाच सांगितली. कल्याणला मी त्याच्यापासून चार पावलांवर उभी होते, हे तिला चांगलं माहीत होतं.

तर झालं ते असं. बाई होती. साडी पांढरी होती. तिने भर रस्त्यात त्याचा हात धरला होता, हेही खरं. ती डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स होती, पन्नाशी उलटलेली, पायात काळे बूट. ती त्याला टांग्यांच्या गर्दीतून रस्ता ओलांडून देत होती, कारण त्याला टांगे दिसत नव्हते. आमच्यातल्या कुणीतरी ते लांबून पाहिलं आणि आम्ही मुक्कामाला पोचायच्या आत गोष्ट तयार करून ठेवली.

चांगो भोईर त्याचं नाव. मी चांगोकाका म्हणते, कारण त्याच्या आणि आमच्या घरामध्ये कुडाची एकच भिंत आहे आणि तिच्यातून खोकलासुद्धा पलीकडे जातो. रेल्वेत तो चावीवाला होता. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून राहावा म्हणून लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात. गाड्या धडधडून गेल्या की त्या सैल होतात. चावीवाल्याने रोज खांद्यावर हातोडा टाकून आपला ठरलेला पट्टा चालायचा आणि सैल चावी ठोकून बसवायची. एकोणतीस वर्षं त्याने हे केलं, आणि त्यातून दोन गोष्टी त्याच्या अंगात मुरल्या. पहिली त्याचं बोलणं. लायनीवर बोलता बोलता गाडी आली की वाक्य तिथेच तोडायचं आणि गाडी गेली की उरलेलं बोलायचं. आता गाडी नसली तरी तो थांबतो. "गौरे, जरा पानी…" म्हणतो, आणि अख्खी मालगाडी जाईल एवढ्या वेळाने, "…दे." तोवर त्याच्या बायकोने, गौराकाकीने, पाणी देऊन तांब्या परतसुद्धा नेलेला असतो. दुसरी गोष्ट त्याची चाल. स्लीपर ते स्लीपर, तेवढंच पाऊल. अंगणात, देवळात, लग्नाच्या मांडवात, कुठेही बोटभर जास्त नाही की कमी नाही.

माणसांच्या चाली आणि आवाज उचलायची मला खोड आहे. भजनातल्या बुवांचा, शाळेतल्या बाईंचा, स्टेशनावर ओरडणाऱ्या कुल्फीवाल्याचा, सगळ्यांचा आवाज मला येतो. चांगोकाकाचं बोलणं तर मला दुसऱ्या दिवशीच जमलं. चाल मात्र जमेना. दहावीच्या अभ्यासाला बसवलं होतं तेव्हा मी माजघरात फेऱ्या मारून बघायची. पाऊल बरोबर पडायचं, पण मान चुकायची. त्याची मान जरा वर आणि डावीकडे असते, आणि टाच टेकवायच्या आधी पाय किंचित घसटतो, जणू आधी जमिनीला विचारतो. मी शंभरदा केलं. मग कंटाळून डोळे मिटले आणि तशीच चालले, तर चाल हुबेहूब आली. मान आपोआप वर गेली, पाय आपोआप घसटला.

मी डोळे उघडले आणि पुन्हा फेरी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी तो परसात हातोड्याचा दांडा बदलत बसला होता. मी विचारलं, "काका, तुमाला दिसत नाय ना?"

त्याने दांडा खाली ठेवला. म्हणाला, "कोन बोलला?" मग मोठी गाडी गेली, आणि, "…तुला?"

"कोन नाय. मी तुमची नक्कल करून बघितली."

मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तो हसला. वाईट हसला. म्हणाला, "बोगद्यात हुभं ऱ्हायलं का पलीकडचं तोंड दिसतं बघ, बाकी समदा काळोख. तसं हाय. दिवाळीत ताटाएवढं व्हतं तोंड. आता वाटीएवढं. काचबिंदू म्हंतो डाक्तर. गेलेलं परत येत नाय, आनि असलेलं बी ऱ्हायाचं नाय."

"मग चाव्या कशा ठोकता?"

"हातोड्याला कान हाय ना. बसलेली चावी टण् करते, सैल असली का ठप. आजपातूर माझ्या पट्ट्यात एक चावी ढिली घावली नाय." मग हातोडा उचलून त्याने तो माझ्याकडे दिला. "पन आता पुरं. ह्यो हातोडा उद्या मुकादमाला देनार. रजा टाकली. माझ्या कानाच्या भरवशावर लोकांची पोरं गाडीत बसवायची… नाय."

मग त्याने मला खरी गोष्ट सांगितली. अठरा वर्षांपूर्वी घाटात धुक्यात इंजिन अंगावर आलं होतं. तो कडेच्या चरात पडला आणि वाचला. चरात पडल्या पडल्याच तो बोलला होता, बाबा, चालत तुझ्या दारी येईन आणि तुझं तोंड बघीन. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या खोलीत बाबांचा एक फोटो होता, धुराने पार काळा झालेला; तोंड म्हणजे त्यात नुसता डाग. म्हणून तोंड बघीन म्हणाला. मग आज जाऊ, उद्या जाऊ. पेरणी, कापणी, पोरीचं लगीन. "म्हटलं डोळं कुठं पळून जातायत," तो म्हणाला, "तर तेच पळाले." त्याला बरं व्हायचं नव्हतं. डोळे परत दे, असंसुद्धा तो बाबांकडे मागणार नव्हता. वाटी आहे तोवर त्या वाटीतून एकदा तोंड बघून घ्यायचं, एवढंच होतं. गौराकाकीला सांगायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली. "ती सोडनार नाय. घरात कोंडून ठेवल."

त्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, सखाबुवांच्या भजनी मंडळाने शिर्डीला पायी पालखी न्यायचं ठरवलं होतं. पाडव्याला गुढी उभारून निघायचं आणि रामनवमीला पोचायचं. आईने माझ्या पास होण्याचा नवस निकालाच्या आधीच बोलून ठेवला होता, त्यामुळे माझंही नाव यादीत होतं. वाट ठरवायला सगळे मारुतीच्या देवळात बसले. सखाबुवा आधी दोनदा खोकतात, मग दोन्ही हात पसरतात, मग म्हणतात, "सांगायचा मुद्दा काय." मुद्दा त्यानंतर बऱ्याच वेळाने येतो. त्या दिवशी मुद्दा असा होता की कशेळ्यावरून मुरबाड, मुरबाडवरून शहापूर, कसारा, घोटी, सिन्नर, शिर्डी. सरळ वाट.

चांगोकाकाने जुन्या कॅलेंडरची पाठ जमिनीवर पसरली. त्यावर अक्षर माझं होतं. तो परसात बसून सांगत गेला होता आणि मी लिहीत गेले होते. पळसदरी, कर्जत, भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी, असं करत कल्याण. तिथून कसारा, इगतपुरी, नाशिक, मनमाड, कोपरगाव. प्रत्येक स्टेशनासमोर नळ कुठे, आंब्याची सावली कुठे, गँगवाल्यांच्या खोल्या कुठे, सगळं लिहिलेलं. कसाऱ्याच्या घाटाच्या नावासमोर मात्र काहीच नव्हतं. बोगद्यातून माणसं नेता येत नाहीत, तिथे रस्ताच धरावा लागतो. तेवढा तुकडा त्याने कोरा सोडला होता.

बुवांनी कागद बघितला. "चांगो, शिर्डी उगवतीला हाय. तू आमाला मावळतीला नेतोस. मंबईला समुद्र दाखवतोस का काय?"

लोक हसले. एकजण म्हणाला, "त्याला रुळाबिगर चालता येत नाय रं! त्याचं पाय रेल्वेचं हायेत." पुन्हा हसले. आणि हे सगळ्यात खरं होतं, हे तिथे दोघांनाच माहीत होतं.

चांगोकाकाने कागद सरळ केला. मग म्हणाला, "मुरबाडच्या वाटंला पानी… कुठं?"

हसणारे कागदावर वाकले. आदल्या वर्षी शेजारच्या गावची पालखी त्याच वाटेवर पाण्यावाचून हाल होऊन परत आली होती. चांगोकाका बोट ठेवत गेला: हितं नळ, हितं नळ, हितं गँगवाल्याची बायको ताक देल. रुळाच्या कडेच्या वाटेला ट्रक नाहीत. बायांनी आपापसात मान डोलावली आणि वाट ठरली. त्याचा हिशोब दिवसाला पस्तीस किलोमीटरचा होता. आपल्या पायांनी तो सगळ्यांचे पाय मोजत होता.

पाडव्याला निघालो. पुढे पालखी, मध्ये बाया, मागे पोती आणि भांडी घेऊन नेरळच्या याकूबभाईचा तीनचाकी टेंपो. तो रस्त्या-रस्त्याने यायचा आणि संध्याकाळी स्टेशनापाशी भेटायचा. याकूबभाई एरवी माथेरानच्या पायथ्याला भाजी पोचवतो. त्याचं बोलणं म्हणजे अर्धं नेरळ आणि अर्धं भायखळा. "देख चिमा, माझा टेंपो म्हातारा हाय, पन दिल का बादशा हाय. चढाव आला की रोता है."

रुळाच्या कडेला चांगोकाका राजा होता. मधून मधून रुळाला काठी लावायचा आणि सांगायचा, "गाडी येतेय, बाजूला व्हा." आणि ती यायची. बाया म्हणायला लागल्या, ह्याच्या अंगात काहीतरी हाय. मी त्याच्या पुढे दोन पावलं चालायची. खड्डा आला की खोकायची, सिग्नलची तार आली की दोनदा. गौराकाकीने मला खडीसाखर दिली, घसा धरला म्हणून.

पण पहिल्याच दिवशी बदलापूरला पोचेपर्यंत ऊन एवढं होतं की तो सारखा डोळे चोळत होता. रात्रीच्या जेवणाला ताटातली भाजी त्याला सापडेना. दुसऱ्या दिवशी कल्याणला त्याने बुवांना सांगितलं, "बायांच्या पायाला फोड आल्यात, आज हितंच थांबू." फोड खरेच आले होते, म्हणून बुवा थांबले. आम्ही दोघं गुपचूप दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. उजवा डोळा संपला होता. डाव्यात थोडं होतं. "उन्हात फिरू नका," डॉक्टर म्हणाले, "घरी जा." थेंबांची बाटली दिली. नर्सने हात धरून रस्ता ओलांडून दिला, आणि तुम्हाला ती बाई माहीतच आहे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "केवढं ऱ्हायलं?"

"बांगडीएवढं," तो म्हणाला. मग लोकल गेली, या वेळी खरीच. "…पोरीच्या बांगडीएवढं."

कल्याणला गेलेल्या त्या अर्ध्या दिवसानेच त्याचा घात केला. कसाऱ्याला पोचलो तो चौथ्या दिवसाच्या संध्याकाळी, सगळे लंगडत. सखाबुवा दोनदा खोकले आणि या वेळी मुद्दा लगेच आला. "मनमाडवरून गेलो तर नवमी गाठनार नाय. उद्या घाट चढून घोटीला जायाचं आनि तिथनं सिन्नरचा रस्ता धरायचा. झाला तुझा रूळ, चांगो."  चांगोकाकाने कॅलेंडरची घडी खिशात घातली. मी त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्या उजव्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं, तिथे बघत होता.

सकाळी घाटाला लागलो आणि दहाव्या मिनिटाला तो पडला. डांबराची कड कुठे संपते ते पायाला कळलं नाही. गटारात गुडघ्यावर आपटला, उठला, आणि उठून नेमका रस्त्याच्या मध्ये गेला. ट्रकने हॉर्न दिला, करकचून थांबला, ड्रायव्हरने आईवरून शिवी दिली. बुवा ओरडले, "सकाळी सकाळी पिलास का रं? कल्यानला बी पिऊनच आलतास ना!"

गौराकाकी पदर खोचून पुढे आली. सगळ्यांसमोर तिने नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. "दारू नाय," ती म्हणाली. मग तिचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे गेलं. तिने आपला हात त्याच्या तोंडासमोर आणला, बाजूला नेला, पुन्हा आणला. तो डोंगराकडे बघत राहिला. तिने हाताचा पंजा त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरला, आणि त्याने विचारलं, "गौरे, कुठं हायेस?"

मी काचबिंदूचं आणि कल्याणच्या दवाखान्याचं सांगून टाकलं. मग ती जी सुरू झाली ती पुढचे पाच दिवस थांबली नाही. "कदीपासून? आं? दिवाळीपासून? आनि मी म्हंते ह्यो मानूस भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवायचा सोडून पाटावर का बुडवतोय! मी म्हंते वय झालं! पाच म्हयनं मी वयाला शिव्या घातल्या! तू मला सांगितलं नायस?" सगळे वळून बघायला लागले, कारण चार माणसांत गौराकाकी नवऱ्याला कधी तू म्हणत नाही. "ह्या शेंबड्या पोरीला ठावं, डाक्तराला ठावं, नि मला नाय?"

"तू… येऊ दिलं नसतंस," तो म्हणाला.

"नसतंच दिलं!"

"मग?"

तिने त्याचा कोपर धरला. घट्ट, बकोट धरतात तसा. "चला," ती म्हणाली. पुन्हा अहो-जाहोवर आली. आणि मग सगळा घाटभर: "दगड हाय, उचला पाय. गटार हाय, हिकडं व्हा. बायको दिसत नाय तर नाय, निदान ट्रक तरी ऐका. वळन आलं. सांगितलं नाय मला. खड्डा!"

त्या दिवशी दुपारी इगतपुरीला त्याने डोळ्यात थेंब घातले, पंचा भिजवला आणि डोळ्यांवर बांधला. "आता शिर्डीतच सोडनार," म्हणाला. "चवलीच्या नान्याएवढं ऱ्हायलंय. जपून ठेवतो."

बुवा म्हणाले, "अरे, नजर काय रांजनातलं पानी हाय, झाकून ठेवलं म्हंजे टिकल?"

"झाकून बघतो. उगाच टेंपोचं ढुंगान बघून कशाला संपवू?"

टेंपोचं ढुंगण खरंच समोर होतं, कारण याकूबभाईने तोड काढली होती. गौराकाकीच्या पायाचे फोड फुटले होते आणि ती स्वतःच लंगडत होती. तिच्या भरवशावर रोज सात-आठ कोस डांबर तुडवणं शक्य नव्हतं. याकूबभाईने टेंपोच्या मागच्या फळीला कासरा बांधला आणि त्याचं टोक चांगोकाकाच्या हातात दिलं. "मैं पहिल्या गेरमध्ये जातो. तू पकडून चल. टेंपो सीधा, तू सीधा."

बुवांनी हात पसरले. "सांगायचा मुद्दा काय, गाडीनं वढून नेलेला नवस चालत नाय. पायी म्हंजे पायी."

याकूबभाई टेंपोतून उतरला. "बुवा, कासरा ढिला हाय का टाईट हाय, तुमी मागून बघा. टाईट झाला की माझ्या नावाने बोंबला, मैं गाडी उभी करतो. बाबाने विचारलं तर जवाब मी देईन."

घोटी ते सिन्नर बुवा खरोखरच कासऱ्यावर नजर ठेवून चालले. मध्येच ओरडायचे, "टाईट!" आणि टेंपो थांबायचा. मध्येच पुन्हा, "ढिला हाय, चला." दोन दिवस असं. माणसाच्या चालीने टेंपो चालवायचा म्हणजे क्लचवर पाय ठेवूनच. इंजिन उकळायचं, याकूबभाई डबडं घेऊन पाणी शोधत फिरायचा. पंचा कोरडा पडला की गौराकाकी पुन्हा भिजवायची. ऊन असं की डांबराला चपला चिकटायच्या. पंचा बांधलेला, हातात दोरी धरलेला माणूस टेंपोमागून चाललाय, हे बघायला रस्त्यावरच्या एस.टी.ची माणसं खिडकीतून वाकायची. एक पोरगं ओरडलं, "चोर पकडला काय वं?" मला त्याचा आवाज अजून हुबेहूब काढता येतो, पण मी तो काढत नाही.

सिन्नरच्या पुढे, वावीच्या अलीकडे, टेंपोतून जळक्या रबरासारखा वास आला आणि टेंपो उभा राहिला. क्लचप्लेट जळली होती. याकूबभाई बॉनेट उघडून बघत राहिला. "बादशा मर गया," एवढंच म्हणाला. तो तिथेच थांबला. लोकांनी भांडी डोक्यावर घेतली, आणि भांडी डोक्यावर घेतलेल्या माणसांनी चांगोकाकाला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. त्याने सगळं ऐकलं. "बरोबर हाय त्यांचं," म्हणाला. राहिलेला रस्ता तो गौराकाकीच्या कोपराला धरून चालला. शेवटच्या दिवशी दोघांचेही पाय घसटत होते. ती उसाची शेतं दिसली की सांगायची, ऊस हाय. बैलगाडी दिसली की बैलगाडी. मध्ये मध्ये, सांगितलं नाय मला.

नवमीला दुपारी शिर्डीत शिरलो. रांग देवळाला वेढे घालून बाजारापर्यंत आली होती. तीन तास उभे राहिलो. पुढे गौराकाकी, मध्ये तो, मागे मी. दाराशी त्याने पंचा सोडला. डोळे लाल, पाणी गळतंय. मी त्याची मान दोन्ही हातांनी धरली. आत एकच गलका चाललेला. "डावीकडं," मी ओरडले, "आता वर, वर…" मागून रेटा आला, पुढून कुणीतरी ढकललं, आणि आम्ही दुसऱ्या दाराने बाहेर.

"दिसला?"

तो डोळे मिचकावत उभा होता. "पांढरं दिसलं."

"पांढरं काय?"

"फुडच्याची टोपी." मग गाडी जाईपर्यंत थांबून, "…धुतलेली व्हती."

मी त्या टोपीवाल्याला मनातल्या मनात गावातल्या सगळ्या शिव्या दिल्या. मग म्हटलं, परत लागू रांगेत. टोपी दिसली म्हणजे नजर आहे. आता मी पुढे राहते, कुणाची टोपी मध्ये येऊ देत नाही. तो परत पंचा बांधून माझ्यामागे आला. सूर्य कलला. सावली आमच्यावरून सरकत भिंतीवर गेली. रांगेत कुणी रडत होतं, कुणी शेंगा खात होतं.

"चिमे, पैज लावतेस?" त्याने पंच्याआडून विचारलं.

"कसली?"

"मला दिसायचं नाय."

"दिसंल! आनि नाय दिसलं तर मी उसाचा रस पाजीन."

"मोठा गिलास," तो म्हणाला. "बरं. हात लाव." आम्ही हातावर हात मारला. गौराकाकी पुढून वळून बघत होती. मग ती पुढे वळली आणि पदर घट्ट खोचला.

दुसऱ्यांदा आत गेलो तेव्हा गर्दी पातळ झाली होती. मी आडव्या आलेल्या एका दांडगटाला कोपराने बाजूला सारलं. पंचा सोडला. चांगोकाकाला थेट समोर आणला. मूर्ती आणि तो, मध्ये कुणी नाही, टोपी नाही, खांदा नाही. मी त्याची मान सरळ धरली. दिवे लखलखत होते. लोकांना हात लावून पुढे ढकलायचं काम ज्याला दिलेलं होतं, त्या माणसानेही त्याच्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. पुरेसा वेळ मिळाला. पाहिजे त्यापेक्षा जास्त मिळाला.

चांगोकाकाने डोळे मोठे केले. मान जरा वर नेली, जरा डावीकडे, मग उजवीकडे, आपली चवली शोधत. मग हळू आवाजात मला म्हणाला, "चिमे, अजून बाहेरच हाओत ना गं आपन? आत गेलं का सांग."

मी त्याची मान सोडली. गौराकाकीने त्याचे दोन्ही हात धरून जोडले आणि मूर्तीच्या बाजूला वळवले. त्याला कळलं. तो वळून बाहेर चालू लागला. पावलं तेवढी बरोबर पडत होती, स्लीपर ते स्लीपर.

बाहेर घुंगरं लावलेला चरक फिरत होता. आवाजावरून त्याला समजलं. "रस," तो म्हणाला, "मोठा गिलास बोललीस." मी एक ग्लास आणून त्याच्या हातात दिला. हातात म्हणजे बोटं धरून ग्लासाभोवती मिटवावी लागली. त्याने एका दमात संपवला, ओठ पुसले आणि रिकामा ग्लास माझ्याकडे केला.

"आता अजून एक आन."

"पैज एका ग्लासाची व्हती, काका."

"माझी एकाची. दुसरा तुझ्या काकीचा." तो थांबला. गाडी गेली, लांबलचक. "…ती बी माझ्याच बाजूनं व्हती. कसाऱ्यापासनं."

मी गौराकाकीकडे बघितलं. ती फोडांवरची चिंधी सोडून नव्याने बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "बर्फ नको सांग रसवाल्याला. दात ठनकतात."

मी दुसरा ग्लास आणायला गेले.